हलव्याचा काटा आणि आमची वाटचाल

बरेच जण विचारतात की ताई तुम्ही या हलव्याच्या दागिन्यांच्या उद्योगात कशा काय आलात, आधीपासून घरात धंदा होता का, कोर्स केला होता का. नाही हो, तसं काहीच नव्हतं. दरवेळी तुकड्या-तुकड्यात सांगते, म्हणून आता एकदा बसून सगळं लिहून काढते.

जानेवारी २०१४. डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर, लेक दहा महिन्यांची, तिचं पहिलं बोरन्हाण. मी बाजारात जाऊन तयार सेट बघून आले, मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा, साडेचारशे रुपये. एकाच्या पगारात घर चालत होतं तेव्हा, त्यामुळे साडेचारशे म्हणजे विचार करावा लागायचा. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आणू नकोस गं, मला चार दिवस दे आणि माळ्यावरची पितळी परात काढून दे."

आईंचं (मी सासूबाईंना आईच म्हणते) माहेर वाईचं. त्यांच्या लहानपणी संक्रांतीच्या आधी आठवडाभर घरात शेगडी पेटलेली असायची आणि पहाटेच्या थंडीत त्यांची आजी परातीत हलवा करत बसायची. आईंनी तो लग्नानंतर कधी केलाच नव्हता, चाळीस वर्षं! पण हात विसरत नाही, हे मी त्या चार दिवसांत डोळ्यांनी बघितलं.

कसं करतात ते सांगते, कारण खूप जणींना वाटतं हलवा म्हणजे मशीनमध्येच होणारी वस्तू. मूठभर तीळ हलके भाजून परातीत घ्यायचे. साखर बुडेल इतकं पाणी घालून पाक करायचा, उकळी आली की चमचाभर दूध घालायचं म्हणजे मळी वर येते, ती काढून टाकायची, पाक गाळायचा, एकतारीच्या जरा अलीकडे थांबायचं. परात मंद शेगडीवर (आता आम्ही गॅसवर जाड तवा आणि त्यावर परात ठेवतो). मग चहाचा एक चमचा पाक तिळावर घालायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी परतत राहायचं. सुकला की दुसरा चमचा. बस, एवढंच. पण हे "एवढंच" तीन-चार दिवस, रोज काही तास. पहिल्या दिवशी तीळ नुसते पांढरे दिसतात आणि वाटतं आपलं काहीतरी चुकतंय, दुसऱ्या दिवशी बोटाला खरखर लागते, तिसऱ्या दिवशी काटा डोकं वर काढतो. एकदा काटा दिसला की हात हलका करायचा, जोरात परतलं तर मोडतो. मूठभर तिळात बघता बघता किलोभर साखर जाते.

आच जास्त झाली तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो, कमी झाली तर पाक सुकत नाही आणि काटा येत नाही. आणि हवा कोरडी, थंड लागते. वाईला ती मिळते, डोंबिवलीला खाडीची दमट हवा, म्हणून आई पहाटे पाचला बसायच्या आणि नऊला उठायच्या, ऊन वर आलं की काम बंद. मला सगळ्यात नवल वाटायचं ते म्हणजे त्या परातीकडे बघायच्याही नाहीत, कानाने ओळखायच्या. ओला दाणा परातीत मऊ सरकतो आणि कोरडा झाला की बारीक खुळखुळ वाजतो, तो आवाज आला की पुढचा चमचा.

दागिने करायलाही काही महागडं लागलं नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, पांढरा सुती दोरा, काळ्या साडीच्या काठाची पट्टी. दाण्याला भोक पाडायचं नसतं, दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा ठेवायचा आणि ओढायचा, काट्यांमुळे दोरा घसरतच नाही. मला तर वाटतं, ज्या कोणी बाईने हे पहिल्यांदा शोधलं असेल तिने दाणा हातात घेऊन खूप वेळ बघितलं असणार. सगळा सेट साठ-सत्तर रुपयांत झाला, त्यातली बरीचशी साखरच. लेक काळ्या झबल्यात ते दागिने घालून बसली, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, ओले हरभरे ओतले, आणि जमलेल्या बायका बाळाऐवजी दागिनेच हातात घेऊन बघत होत्या 😊

त्यातल्याच दोघींनी पुढच्या वर्षी ऑर्डर दिली, एक नातवासाठी आणि एक सुनेच्या पहिल्या संक्रांतीसाठी. सुनेचा सेट म्हणजे मोठं काम, मंगळसूत्र, ठुशी, बांगड्या, वाकी, कानातले, नथ, बिंदी, कमरपट्टा, शिवाय जावयाचा हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. नथीला अगदी बारीक दाणा लागतो, तो खसखशीवर करतात, हारातल्या टपोऱ्या दाण्यात साबुदाणा किंवा शेंगदाणा असतो. हे सगळं शिकता शिकता ते वर्ष गेलं. मग शेजारच्या काकू आल्या मदतीला, मग जाऊबाई. सामान आणायला मी लोकलने मुंबईला, जरीचा दोरा आणि खणाचे तुकडे भुलेश्वरला, कार्डशीट अब्दुल रहमान स्ट्रीटला, परतीच्या गर्दीत ते कार्डशीटचं भेंडोळं दुमडू नये म्हणून डोक्यावर धरून उभी राहायचे.

२०१६ ला मात्र चांगलाच फटका बसला. सहा सेट रात्री तयार केले, प्लॅस्टिकच्या डब्यात भरले, खिडकीजवळ ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. हवेत दमटपणा, साखरेला पाणी सुटलं, दाणे चिकट, काळ्या कापडावर डाग. त्यातले दोन सेट तर तसेच गिऱ्हाइकाच्या घरी गेले होते. मला रडूच आलं. पैसे परत केले, आणि आई, जाऊबाई, मी, तिघींनी रात्रभर बसून नवे करून दिले, कारण पैसे परत दिले तरी त्या बाळाचं बोरन्हाण परत येणार नव्हतं ना. तेव्हापासून आमच्या प्रत्येक डब्यात बटर पेपर आणि भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी असते. आणि हात जोडून सांगते, दागिने फ्रिजमध्ये ठेवू नका! बाहेर काढले की गार वस्तूवर दव धरतं आणि सगळं वितळतं. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, पुरचुंडी आणि मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत, झालं.

दुसरी एक गोष्ट आम्ही फार काटेकोर पाळतो. बाजारात पाहिलं तर पुष्कळ सेटमध्ये हलवा गोंदाने चिकटवलेला असतो, मागे स्टेपलरच्या पिना, मधे सोनेरी मणी. मोठ्यांच्या सेटला मणी ठीक आहे, फोटो छान येतात. पण बाळ काय करतं? हातात आलं की तोंडात! मग ज्याला गोंद लागलाय, पिन टोचलीय ते आपण बाळाच्या अंगावर घालतोच कसं? आमच्या लहान मुलांच्या सेटमध्ये गोंद नाही, पिन नाही, मणी नाही, फक्त दोरा आणि साखर. तरीही सांगते की हलवा कडक असतो, घशात अडकू शकतो, बोरन्हाण झालं, फोटो झाले की दागिने लगेच उतरवा आणि खाली पडलेली बोरं, चुरमुरे, हरभरे पण बाळाच्या हाताला लागण्याआधी उचला. एका गिऱ्हाइकाने मला म्हटलं होतं की तुम्ही विकणाऱ्या असून घाबरवता काय. घाबरवत नाहीये, माझीही लेक त्या पाटावर बसली होती.

२०१८ ला एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागणारं सरकारी रजिस्ट्रेशन केलं. मला वाटायचं ते मोठ्या कंपन्यांचं काम, पण तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना साधं रजिस्ट्रेशन पुरत होतं आणि फी वर्षाला १०० रुपये. घरून खायचं विकणाऱ्या मैत्रिणींनो, हे आधी करा, मी तीन वर्षं उगाच घाबरत काढली. त्याच सुमारास एका दुकानदाराने पंधरा सेट विक्रीला ठेवून घेतले आणि पैसे दिलेच नाहीत, तेव्हापासून दुकानात माल ठेवणं बंद, थेट घरोघरी.

मग २०२० चं लॉकडाऊन. जानेवारी २०२१ च्या संक्रांतीला हळदीकुंकू नाही, गर्दी नाही, ऑर्डर निम्म्याच्याही खाली. घरात केलेला हलवा बरण्यांमध्ये पडून. लेक तेव्हा सात वर्षांची, ऑनलाइन शाळा संपली की माझ्या शेजारी येऊन बसायची, एक दिवस तिने आपल्या आपण पुठ्ठा कापून बाहुलीसाठी बिंदी केली. वाकडी, दोन दाणे सुटलेले, पण तिला तिचा इतका अभिमान की तीन दिवस बाहुलीच्या डोक्यावरून काढू देईना. आई मला म्हणाल्या, "आमच्याकडे विकत कोण घेत होतं? सगळ्या पोरी मिळून ओवायच्या. तू हलवा दे आणि ओवायला शिकव."

असं आमचं किट सुरू झालं. तीन मापांचा हलवा, दोरा, कापलेले पुठ्ठे, खणाची पट्टी, चित्रांचा एक कागद, आणि मोबाईलवर आईंच्या हातांचा व्हिडिओ, चेहरा नाही, नुसते हात, फास कसा टाकायचा ते सावकाश दाखवणारे. किंमत २५० रुपये. नवऱ्याला काळजी वाटली, की शिकवूनच टाकलं तर आपला हजार-बाराशेचा सेट कोण घेणार. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पुढच्या वर्षी तयार सेटच्या ऑर्डर खरंच थोड्या कमी झाल्या. पण पहिल्या वर्षीच्या चाळीस किटवाल्यांपैकी बऱ्याच जणी परत आल्या आणि म्हणाल्या, पुठ्ठा-दोरा आमचा आम्ही बघतो, नुसता हलवा द्या, अर्धा किलो, एक किलो. त्यांनी बहिणींना शिकवलं, सोसायटीत शिकवलं. एका ताईंनी तर किट बॅगेत घालून अमेरिकेत लेकीकडे नेलं आणि तिथल्या चार मराठी घरांतल्या मुलांनी मिळून नातवासाठी मुकुट केला, त्याचा फोटो माझ्या देवघराशेजारी लावलाय. आज आमच्याकडे निम्म्याहून जास्त काम नुसत्या हलव्याचं आहे आणि मला त्याचाच जास्त आनंद आहे.

धंद्यातली एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. आमचा सीझन संक्रांत ते रथसप्तमी. संक्रांत सूर्यावर चालते, १४ नाहीतर १५ जानेवारी ठरलेली, पण रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, ती तिथीने, त्यामुळे मागेपुढे सरकते. २०२३ ला रथसप्तमी २८ जानेवारीला आली, म्हणजे दोन आठवड्यांत सगळं आटपायचं, झोप नाही. २०२४ ला तीच १६ फेब्रुवारीला, महिन्याहून जास्त वेळ. म्हणून नवीन कॅलेंडर घरात आलं की मी पहिलं पान उघडते ते माघाचं, आणि त्यावर ठरवते की डिसेंबरमध्ये किती किलो हलवा करून ठेवायचा.

बाकीचं वर्ष रिकामं जाऊ नये म्हणून श्रावणापासून कापसाची वस्त्रं आणि फुलवाती, दिवाळीला कागदी कंदिलाचं किट. आता आम्ही सात जणी आहोत, बहुतेक सोसायटीतल्याच.

आणि किटमधल्या कागदाच्या मागे तिळाच्या वडीची कृती आहे ती हरवली म्हणून दरवर्षी फोन येतात, तर इथेच देते. एक वाटी तीळ मंद आचेवर भाजा, तडतडले की लगेच उतरवा, अर्धे तीळ भरड वाटा. अर्धी वाटी दाण्याचं कूट. एक वाटी चिरलेला साधा गूळ, चिक्कीचा नको, तो वडीला कडक होतो. चमचाभर तुपात गूळ वितळवायचा, सगळीकडून फेस आला की त्याचा एक थेंब गार पाण्यात टाकून बघायचा, मऊ गोळी झाली की गॅस बंद. गोळी ताटलीत टणकन वाजली तर तो लाडवाचा पाक झाला, मग वड्यांचा नाद सोडा आणि गरम गरम लाडू वळा. तीळ, कूट, वेलदोडा घालून पटकन ढवळा, तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने थापा, गरम असतानाच सुरीने रेघा मारा.

आईंना आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. हात थरथरतो, त्यामुळे ओवणं बंद केलंय, परातीवरही फार वेळ बसवत नाही. गेल्या डिसेंबरला लेकीने हट्टाने पहाटे पाचला उठून पहिल्यांदा परात घेतली, अंगात स्वेटर, बाही कोपरापर्यंत वर, चमचा हातात धरून माझ्याकडे बघत होती की घालू का. मी काही बोलायच्या आत, खिडकीशी पाठमोऱ्या बसून चहा पिणाऱ्या आई म्हणाल्या, "थांब, अजून ओला आहे." ती परतत राहिली. थोड्या वेळाने दाणे खुळखुळायला लागले.

"आता घाल."