वर्गाबाहेर अकरा वेळा

सहावीच्या त्या मुलाला मी दीड महिन्यात अकरा वेळा वर्गाबाहेर उभं केलं. आकडा नेमका सांगता येतो, कारण दर वेळी मी तारीख-वार लिहून ठेवत होते. त्याच्या आईवडिलांना बोलावायचं होतं आणि त्यांच्यासमोर वही उघडून, 'बघा, किती सहन केलं मी' असं म्हणायची माझी तयारी चालली होती.

ते यायच्या दोन दिवस आधी वही चाळली. शेजारच्याचं दप्तर लाथाडलं, बाकावर ताल धरला, कुणाला तरी चिडवलं, पेन्सिल फेकली. गुन्हे सगळे वेगळे, पण अकरापैकी नऊ एकाच तासाचे. भाषेच्या. आणि त्यातही प्रकट वाचन चालू असतानाचे.

वाचन मी रांगेने घेते. पहिल्या बाकापासून प्रत्येकाने एक परिच्छेद. हा चौथ्या बाकावर, म्हणजे त्याची पाळी आठवी. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची सोडून सगळ्यात मागे जाऊन बसले आणि मुलांना म्हटलं, करा सुरू. पहिली मुलगी वाचत होती आणि हा धड्यावर बोट ठेवून परिच्छेद मोजत होता. एक, दोन, तीन करत आठव्यावर थांबला. मग ओठांतल्या ओठांत तो परिच्छेद पुटपुटायला लागला, एका शब्दावर अडला, पुन्हा पहिल्यापासून. सहावा मुलगा उभा राहिला तसा त्याचा पाय शेजारच्या दप्तराकडे सरकला. 'हो बाहेर' हे माझ्या तोंडाशी आलंच होतं. तेवढ्यात लक्षात आलं, की त्याने पुस्तक मिटून दप्तरात ठेवलंय, पेनाला टोपण लावलंय आणि तो बाकाच्या कडेला सरकून बसलाय. मी बोलायच्या आधीच त्याची निघायची तयारी झाली होती.

मी त्याला शिक्षा देत नव्हते, त्याची सुटका करत होते. नऊ वेळा.

वागणुकीचं काम करणारे लोक तीन रकाने आखतात: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. आपल्या शाळांच्या वह्यांत फक्त मधला रकाना असतो. तिसरा आपण लिहीतच नाही, कारण तिथे आपलंच नाव येतं. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली एका अभ्यासात दाखवलं होतं, की कठीण कामातून सुटण्यासाठी किंवा लक्ष वेधण्यासाठी मूल गोंधळ घालत असेल, तर तीच गोष्ट शब्दांत मागायला शिकवल्यावर गोंधळ कमी होतो. हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीत उतरवलंही होतं. चहा झाला, प्रमाणपत्र मिळालं, विषय संपला.

शिक्षक खोलीत हे बोलले तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "बाई, लाडावून ठेवाल." शिक्षा लागू पडत असती तर अकराव्यांदा द्यावी लागली असती का, हे मला घरी गेल्यावर सुचलं. नेहमीचंच.

त्याला एकट्याला बोलावून वाचायला लावलं असतं तर वर्गभर झालं असतं, म्हणून ४३ जणांचं वाचन घेतलं. एकेकाला टेबलाशी बोलवायचं. न पाहिलेला उतारा, हातात घड्याळ, एक मिनिट. बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. तीन सेकंद अडलं तर शब्द आपण सांगायचा आणि चूक धरायची, स्वतःहून सुधारलं तर बरोबर. असे तीन उतारे आणि तिन्हीतला मधला आकडा खरा. सरासरी नाही, कारण एखादा उतारा उगाच सोपा किंवा अवघड निघतो. चार दिवस गेले. परीक्षेच्या गुणांतून मला वर्षभर जे दिसलं नव्हतं ते त्या चार दिवसांत दिसलं.

त्याचे ४१ शब्द. पण मला त्याच्या चुकांनी धरून ठेवलं. 'पर्वत'चं 'पवत', 'कार्य'चं 'काय', 'अर्थ'चं 'अथ'. सगळीकडे रफार गळलेला. आणि त्याचं तरी काय चुकलं? तोंडाने जो र आधी म्हणायचा, तो कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला असतो. डावीकडून एकेक अक्षर लावत येणाऱ्या मुलाला तो दिसेपर्यंत शब्द अर्धा उच्चारून झालेला असतो. हे पहिली-दुसरीत कुणीतरी दहा मिनिटं बसून दाखवायला हवं होतं. सहावीत 'लक्ष नाही' हा शेरा मारणं सोपं.

मग ठरलं असं: उद्याचा परिच्छेद त्याला आज सांगायचा. सकाळी शाळा भरायच्या आधी तोच परिच्छेद माझ्यासमोर चार वेळा वाचायचा. आणि एक लाल कार्ड. ते बाकाच्या कोपऱ्यावर ठेवलं की 'आत्ता माझी पाळी नको'. आठवड्यातून दोनदा, कारण विचारायचं नाही. बाहेर काढणं बंद.

पहिला आठवडा भयंकर गेला. नेहमीचं दार बंद झाल्यावर माणूस आधी जोरात धक्के मारतो, हे पुस्तकात वाचायला ठीक असतं. तिसऱ्या आठवड्यात त्याने उभं राहून परिच्छेद वाचला, घाईघाईत, पण शेवटपर्यंत. मध्ये मी एक दिवस रजेवर होते. माझ्या तासाला आलेल्या सरांनी कार्ड पाहून "वर्गात पत्ते खेळतोस?" म्हणत त्याला बाहेर काढलं. चूक माझी, त्यांना सांगून ठेवलं नव्हतं. तरी राग आलाच. नवव्या आठवड्यात आकडा ६३.

इथवर ही गोष्ट मी दोन-तीन जणांना सांगितली आहे आणि सगळे शाबासकी देतात. पुढचं सांगत नाही.

त्या ४३ जणांत सगळ्यात कमी शब्द त्याचे नव्हते. दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसणाऱ्या मुलीचे होते. २७. माझ्या नोंदवहीत तिचं नाव एकदाही नाही. प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात लिहिलंय: 'शांत, समंजस. मोठ्याने वाचावे.' तिची पाळी आली की ती पुटपुटल्यासारखं वाचायची. मी म्हणायचे, "मोठ्याने." ती आणखी हळू. पुन्हा "मोठ्याने". मग मी घड्याळ बघायचे आणि "बरं, बस. पुढचा." पाचवीचं प्रगतिपुस्तक काढून पाहिलं, दुसऱ्या बाईंचं अक्षर, तोच शेरा.

आता तीही सकाळी येते. आकडा ३४ आहे, ऐकायला मला अजून खुर्ची पुढे ओढावी लागते. कार्ड तिलाही दिलंय. परवा दोघांची कार्डं टेबलावर शेजारी शेजारी पडली होती. त्याच्या कार्डाचे कोपरे मुडपलेत, रंग उडालाय. तिचं अजून कोरं करकरीत आहे.