मोड नाही

दोन रुपयांच्या बदली काउंटरवरच्या बरणीतली गोळी हातावर पडली की आपण कुरकुरतो आणि चालू लागतो. १८३७ साली अमेरिकेतले दुकानदार मोड म्हणून तांब्याची चकती द्यायचे.

१० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं. आदल्या जुलैत अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी फर्मान काढलं होतं : सरकारी जमीन हवी तर सोनं-चांदी मोजा, नोटा चालणार नाहीत. ती जमीन पश्चिमेला, म्हणून नाणी पश्चिमेकडे ओढली गेली. तिकडे इंग्लंडात व्याजदर चढले, इकडे कापसाचा भाव कोसळला. मार्चमध्ये अध्यक्षपदाची सूत्रं हाती घेतलेल्या मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या पदरात ही मंदी आयतीच पडली. अशा वेळी माणूस नोट आधी खपवतो आणि नाणं दडवतो. चांदी गायब झाली, मागोमाग तांब्याचा सेंटही.

त्यात बाजारात स्पॅनिश रियाल राजरोस चालायचा, किंमत साडेबारा सेंट. वरचा अर्धा आणायचा कुठून? टांकसाळीने त्या वर्षी चलनासाठी अर्धा सेंट पाडलाच नव्हता. मग खासगी कारखान्यांनी चकत्या पाडल्या. एकीवर तर सरळ 'अर्ध्या सेंटचं शुद्ध तांबं' असंच कोरलं होतं. भोंगळपणा नाही, माल तेवढा मोजून.

सरकारी सेंट १०.८९ ग्रॅमचा. चकती दिसायला तेवढीच, पण बहुतेकदा वजनाला जरा कमी. तो फरक पाडणाऱ्याच्या खिशात. खोटं नाणं पाडल्याचा ठपका येऊ नये म्हणून शक्कल अशी : पानांच्या वेटोळ्यात अगदी सरकारी थाटात 'वन सेंट', आणि त्याआधी 'नॉट'. संरक्षणाला लाखो देऊ, खंडणीला एक सेंटही नाही, या जुन्या घोषणेचा तो तुकडा. घाईतल्या गिऱ्हाइकाला सेंट, न्यायाधीशाला घोषणा.

काही चकत्या तर निव्वळ टवाळी होत्या. पदग्रहणाच्या भाषणात व्हॅन ब्युरेन म्हणाले होते की आपण थोर पूर्वसुरींच्या पावलावर पाऊल टाकू. एका चकतीवर ते वाक्य जवळजवळ तसंच आहे, फक्त म्हणणारं धावतं गाढव आहे. मागच्या बाजूला सरकारी तिजोरी पाठीवर घेतलेलं कासव. मोड म्हणून हेच गाढव हातात आलं, तर व्हॅन ब्युरेन यांच्या कट्टर समर्थकालाही ते खिशात घालावं लागणार. नाहीतर मोड नाही.