ओटावाची बस, ओटावाची रेल्वे आणि आपला जळगाव-भुसावळ रस्ता

जळगावला फोन केला की अलीकडे एक प्रश्न हमखास येतो. नागपूर आणि पुण्यात मेट्रो धावू लागली, नाशिकची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे, मग जळगाव-भुसावळचा नंबर कधी लागणार? विचारणाऱ्यांत माझा मावसभाऊ असतो, शाळेतले मित्र असतात आणि भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले आमचे नानाही असतात. नानांच्या लेखी रुळांवर धावते तीच खरी गाडी, बाकीच्यांना गाडी म्हणायचे ते केवळ उपचार म्हणून. मी राहतो ते ओटावा शहर या प्रश्नाचा विचार करायला फार सोयीचे आहे, कारण कॅनडाच्या या राजधानीने सव्वाशेहून अधिक वर्षांत ट्राम आणली, ती काढून टाकली, तिच्या जागी बस आणली, बससाठी वेगळे रस्ते बांधले आणि अखेरीस त्यांतल्या काही रस्त्यांवर पुन्हा रूळ टाकले. वस्ती म्हणाल तर २०२१ च्या जनगणनेनुसार दहा लाखांच्या थोडी वर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा आपल्याला कितीतरी जवळचे उदाहरण.

इथे विजेची ट्राम १८९१ साली सुरू झाली. थॉमस एहर्न आणि वॉरन सोपर या दोन उद्योजकांनी ती चालवली, आणि उणे पंचवीस अंशांच्या थंडीत माणसे ट्राममध्ये बसावीत म्हणून एहर्न यांनी डब्यांत विजेच्या शेगड्या बसवल्या. पुढची साठ-सत्तर वर्षे शहर ट्रामच्याच आधाराने वाढले. १ मे १९५९ रोजी शेवटची ट्राम धावली आणि शहर पूर्णपणे बसवर आले. त्याच काळात झाक ग्रेबे या फ्रेंच नगररचनाकाराच्या १९५० सालच्या आराखड्यानुसार शहराच्या मध्यातून जाणारे लोहमार्गही उखडले जात होते. १९६६ मध्ये मुख्य रेल्वे स्थानकच मध्यवस्तीबाहेर गेले आणि एका जुन्या लोहमार्गाच्या जागेवर आजचा क्वीन्सवे हा महामार्ग उभा राहिला.

हे एकट्या ओटावाचे वेड नव्हते. लंडनची शेवटची ट्राम जुलै १९५२ मध्ये बंद झाली आणि सिडनीची फेब्रुवारी १९६१ मध्ये. आपल्या मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली होती, ७ मे १९०७ पासून ती विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी तिची शेवटची फेरी झाली. अमेरिकेत या बदलाचे सगळे खापर मोटार कंपन्यांवर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, कारण बस आणि इतर सामान विकण्याच्या बाबतीत मक्तेदारीचा कट केल्याबद्दल जनरल मोटर्ससह काही कंपन्या १९४९ मध्ये न्यायालयात दोषी ठरल्या होत्या. मात्र ट्राम कंपन्या त्याआधीच खंगल्या होत्या. कित्येक शहरांत करारानुसार तिकीट पाच सेंटांवर गोठलेले होते आणि रुळांलगतच्या रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्चही त्याच कंपन्यांच्या गळ्यात होता. मला याहून मोठे कारण वेगळेच वाटते. बहुतेक शहरांत ट्राम भर रस्त्यात धावत असे, आणि त्या रस्त्यावर मोटारी वाढल्यावर ती त्यांच्यामागे अडकून पडू लागली. रुळांवरची गाडी बाजूने वाट काढू शकत नाही. ट्रामची पट्टी मोटारींसाठी बंद करण्याचे धाडस ज्यांनी केले नाही, त्यांनी ट्रामच बंद केली. बस वाट काढू शकत होती म्हणून ती जिंकली, पण तीच कोंडी दहा-वीस वर्षांत बसच्याही वाट्याला आली.

या दुसऱ्या कोंडीवर ओटावाने काढलेला उपाय जगभरच्या नगररचनाकारांनी अभ्यासला आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या प्रादेशिक शासनापुढे दोन पर्याय होते, हलकी रेल्वे किंवा बससाठी संपूर्ण वेगळा रस्ता. रेल्वेचा खरा खर्च शहराच्या मध्यातल्या बोगद्यात होता आणि तो बांधल्याशिवाय बाकीच्या मार्गाला अर्थ नव्हता. बसचे तसे नसते. बाहेरच्या बाजूचे मार्ग आधी बांधता येतात आणि मध्यवस्तीत तीच बस साध्या रस्त्यावर उतरवता येते. बसचा खर्चही कमी येत होता, म्हणून शहराने बस निवडली. ‘ट्रान्झिटवे’चे पहिले टप्पे १९८३ मध्ये खुले झाले. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात महापौर जैमे लेर्नर यांनी १९७४ मध्ये बसला राखीव मार्गिका दिली होती, पण ती रस्त्याच्या मध्यातून जात होती. ओटावाने बससाठी जणू रेल्वेमार्गच बांधला. रस्ते ओलांडायला पूल होते, काही ठिकाणी जमिनीखाली खणलेला चर होता, मोठी स्थानके होती आणि बहुतेक वाटेवर सिग्नल नव्हते.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा गुण बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही. उपनगरातल्या गल्लीतून जी बस प्रवाशांना गोळा करी, तीच पुढे ट्रान्झिटवेवर चढे आणि थेट कचेरीच्या दारात सोडी. वाटेत गाडी बदलावी लागत नसे. उणे वीसमध्ये, अंगावर तीन थर चढवून, हातात मुलाची बाबागाडी धरून गाडी बदलणे काय असते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या गुणाची किंमत सांगावी लागत नाही.

पण जो बोगदा पुढे ढकलला होता, त्याची गरज काही टळली नव्हती. सगळ्या दिशांच्या बस शेवटी ॲल्बर्ट आणि स्लेटर या दोन समांतर रस्त्यांवर येत असत. गर्दीच्या तासाला एका दिशेने सुमारे १८० बस म्हणजे दर वीस सेकंदांना एक. मी या शहरात आलो तेव्हा हे रोज संध्याकाळी दिसायचे. सिग्नल लाल झाला की स्लेटरवर जोडबस (दोन भाग सांध्याने जोडलेल्या लांब बस) आणि दुमजली बस एकीमागे एक उभ्या राहत, थांब्यावर पहिल्या दोन-तीनच बस मावत, आणि प्रवासी आपल्या बसचा नंबर शोधत रांगेच्या कडेने मागे मागे चालत जात. चालकाने दार उघडले तर ठीक, नाहीतर बस पुढे सरकली की तेही तिच्याबरोबर उलटे पुढे येत. जोराचा बर्फ पडला की एखादी जोडबस सांध्यात वाकून रस्त्यात आडवी होई आणि तिच्यामागची सगळी रांग थिजून जाई.

इथे हिशेब रेल्वेच्या बाजूला झुकतो. इथली दोन डब्यांची गाडी सुमारे सहाशे माणसे नेते आणि तिला चालक एकच लागतो. दर तीन मिनिटांना एक गाडी सोडली तर तासाला बारा हजार माणसे जातात. तेवढ्याच माणसांना बसने न्यायचे तर शंभराहून अधिक जोडबस आणि तितकेच चालक लागतील. कॅनडात बस चालवण्याच्या खर्चातला मोठा वाटा चालकाच्या पगाराचा असतो, म्हणून गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की इथे रेल्वेच स्वस्त पडू लागते. आपल्याकडे पगार आणि इंधन यांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे ही मर्यादा बरीच वर असते. परदेशातला हिशेब जसाच्या तसा उचलून जळगावला लावणे म्हणूनच मला पटत नाही.

बसकडून रेल्वेकडे जाणेही सरळ झाले नाही. उत्तर-दक्षिण हलक्या रेल्वेचा करार झालेला असताना २००६ च्या निवडणुकीत महापौर बदलले, त्याच डिसेंबरमध्ये नव्या नगर परिषदेने करार रद्द केला आणि नंतर तडजोडीपोटी ठेकेदारांना सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर द्यावे लागले. त्या पैशांतून शहराला एक मीटरही रूळ मिळाला नाही. पुढे पूर्व-पश्चिम मार्ग आखला गेला. साडेबारा किलोमीटर लांबी, तेरा स्थानके, मध्यवस्तीखाली अडीच किलोमीटरचा बोगदा आणि खर्च २१० कोटी डॉलर. बोगद्याचे काम चालू असताना जून २०१६ मध्ये रिडो स्ट्रीटवर भररस्त्यात मोठा खड्डा पडला. ठरल्यापेक्षा वर्षाहून अधिक उशिराने, १४ सप्टेंबर २०१९ रोजी मार्ग खुला झाला.

त्यानंतरची दोन वर्षे प्रवाशांना फार जड गेली. उपनगरांतल्या थेट बस आता टनीज पाश्चर किंवा ब्लेअर या टोकाच्या स्थानकांपर्यंतच येऊ लागल्या आणि एका बैठकीतल्या प्रवासाचे दोन तुकडे झाले. गाड्यांची दारे बिघडत, आणि एक दार अडकले की अख्खा मार्ग थांबे. बस बंद पडली तर मागची बस तिला वळसा घालते, रुळांवर ती सोय नसते. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाड्या दोनदा रुळांवरून घसरल्या. दुसऱ्या अपघातानंतर मार्ग ५४ दिवस बंद राहिला, सार्वजनिक चौकशी बसली आणि न्यायमूर्ती विल्यम होरिगन यांनी नोव्हेंबर २०२२ च्या अहवालात शहर प्रशासन आणि बांधकाम करणारा समूह या दोघांवरही कडक ठपका ठेवला. नाना हे ऐकून फार अस्वस्थ झाले. “अरे, गाडी अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागतो. चाचणी पुरी झाल्याशिवाय माणसं बसवायची नसतात,” असे ते म्हणाले, आणि चौकशीतही अपुऱ्या चाचणीचा मुद्दा महत्त्वाचा ठरला.

तरीही ओटावाकडून आपण नेमके काय घ्यावे, याबद्दल माझे मत पक्के होत गेले आहे. याच मार्गावरचा बेव्ह्यू ते टनीज पाश्चर हा तुकडा पाहा. तिथे मुळात कॅनेडियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा लोहमार्ग होता, तो उखडला गेला, त्याच पट्ट्यावर ट्रान्झिटवेच्या बस धावल्या आणि आज तिथेच नव्या रेल्वेचे रूळ आहेत. वाहन दोनदा बदलले, पट्टा राहिला. त्यावर कोणी दुकाने बांधली नाहीत की मोटारींना सोडले नाही, म्हणून पुढच्या पिढीला पर्याय उरला. उलट दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा बसचा राखीव मार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि मोटारवाल्यांच्या रोषानंतर २०१६ मध्ये तोडला गेला. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातला असा पहिला प्रयोग झाला, पण राखीव मार्गिकेत दुचाक्या आणि मोटारी घुसत राहिल्या. अहमदाबादने २००९ पासून आपल्या मार्गिका बऱ्याच निष्ठेने सांभाळल्या. या तिन्ही शहरांत वाहन बसच होते.

जळगावची वस्ती २०११ च्या जनगणनेत ४ लाख ६० हजार होती. खोटेनगरपासून प्रभात चौक, आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौक आणि कालिंका माता मंदिरापर्यंत शहराला आडवा छेदणारा जुना महामार्ग हाच आपला ट्रान्झिटवे होऊ शकतो. पश्चिमेला तो गिरणा ओलांडून बांभोरीला विद्यापीठाकडे जातो आणि पूर्वेला नशिराबादवरून भुसावळला. एमआयडीसीत जाणारे कामगार, विद्यापीठातली मुले आणि न्यायालयात व जिल्हाधिकारी कार्यालयात येणारी तालुक्यांतली माणसे याच रस्त्यावर रिक्षात दाटीवाटीने बसतात. पाळधी ते तरसोद बाह्यवळणावर जड वाहने गेली की या रस्त्यावर जी जागा मोकळी होईल, तिच्यावर पहिला हक्क बसचा असावा असे मला मनापासून वाटते. ती जागा वाहनतळ आणि टपऱ्यांनी भरायला सहा महिने पुरतील, आणि एकदा भरली की परत मिळणार नाही.

रेल्वेच्या बाबतीत तर खानदेश मुळातच श्रीमंत आहे. ओटावाने २००१ मध्ये एक छोटा प्रयोग केला होता, ज्याचे मोल मला मोठ्या प्रकल्पाहून अधिक वाटते. आधीच अस्तित्वात असलेल्या मालगाड्यांच्या आठ किलोमीटर रुळांवर त्यांनी तीन डिझेल गाड्या आणि पाच साधी स्थानके यांच्या बळावर सेवा सुरू केली आणि खर्च आला अवघा २ कोटी १० लाख डॉलर. लोकांनी ती इतकी आपलीशी केली की तिचा विस्तार होऊन जानेवारी २०२५ मध्ये ती दक्षिणेकडच्या नव्या वस्त्यांपर्यंत गेली आणि विमानतळालाही फाटा मिळाला. जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये चोवीस-पंचवीस किलोमीटरवर आज तिसरी आणि चौथी मार्गिका आहे. पाचोरा-जामनेरची आपली ‘पी.जे.’ २०२० पासून थांबली असली, तरी तिचा पट्टा अजून शाबूत आहे आणि बोदवडपर्यंतच्या विस्तारासह तिच्या रुंदीकरणाला मंजुरी मिळाली आहे. अपडाऊन करणाऱ्यांसाठी जळगाव-भुसावळ अशी सकाळ-संध्याकाळ दर अर्ध्या तासाला सुटणारी मेमू, तिच्या वेळेला जुळवून जळगाव स्थानकाबाहेर उभी असलेली शहर बस आणि दोन्हींना चालणारा एकच पास, एवढी मागणी लोकप्रतिनिधींपुढे आणि भुसावळच्या विभागीय रेल्वे कार्यालयात मांडायला मेट्रोचा आराखडा लागत नाही. मी तसे निवेदन लिहायला घेतले आहे. भुसावळच्या वेळापत्रकातल्या अडचणी मला नाना सांगत आहेत, आणि जे नियमित अपडाऊन करतात त्यांनी आपली गाडी, वेळ आणि स्थानकापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर मला कळवले तर ते त्यात घालता येईल.