नोकरी जाते तेव्हा आधी तारीख विचारा

इथे अमेरिकेत नोकरी गेल्याचं कळलं की भारतातल्या घरून पहिला प्रश्न येतो, "काय चुकलं गं तुझं?" काहीच नाही, हे उत्तर कुणाला पटत नाही. पण इथे बहुतेक ठिकाणी कंपनी कारण न देता, त्याच दिवशी काढू शकते. आपल्याकडची दोन-तीन महिन्यांची नोटीस इथे गृहीत धरता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजारांवर माणसं कमी केली, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजारांची घोषणा केली. एवढ्या मोठ्या कपातीत प्रत्येकाचं काम तपासत कोण बसणार? प्रोजेक्ट बंद, टीम बंद.

माझी टीमही तशीच बंद झाली. एमएसनंतरची पहिली नोकरी, वर्षही पुरं झालं नव्हतं. घरी मी त्याच दिवशी सांगितलं. बाबांना पैशांची काळजी, मला तारखेची.

कारण व्हिसा. शिक्षण झाल्यावर ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच आपल्या विषयातली नोकरी करायची परवानगी) १२ महिने काम करता येतं, त्या काळात बेकारीचे जास्तीत जास्त ९० दिवस चालतात. स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांची) २४ महिन्यांची मुदतवाढ मिळाली तर सगळे मिळून १५०. यात पहिली नोकरी लागायच्या आधी रिकामे गेलेले दिवसही धरतात, त्यामुळे हातात नेमके किती उरले हे आधी काढायचं. एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांना सलग ६० दिवस मिळतात, आय-९४ची (देशात किती दिवस राहता येईल याच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. मोजणी साधारणपणे पगाराच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होते, आणि सेव्हरन्सची, म्हणजे काढताना कंपनी देते ती, एकरकमी रक्कम मिळाली म्हणून ती पुढे सरकत नाही. म्हणून एचआरशी बोलताना 'किती देणार' याआधी 'पगारावर कुठल्या तारखेपर्यंत' हे विचारा. एकरकमी पैशांऐवजी तेवढे आठवडे पगारावर ठेवा, अशी विनंती करून पाहायला हरकत नाही. फार तर नाही म्हणतील. शिवाय त्या ६० दिवसांत नव्या कंपनीने तुमच्यासाठी करायचा एच-वन-बीचा अर्ज दाखल झाला की पुरतं, मंजुरी नंतर आली तरी चालते. हे ठाऊक नसल्याने लोक उगाच हातपाय गाळतात.

ओपीटीच्या पहिल्या वर्षात आणखी एक सोय आहे: आपल्याच विषयातलं, आठवड्याला किमान २० तासांचं स्वयंसेवी काम, कामगार कायद्यात बसत असेल तर, नोकरी म्हणून धरलं जातं. मी एका सेवाभावी संस्थेचं डेटाबेसचं काम घेतलं. दिवस मोजायचे थांबले, आणि मुलाखतीत 'सध्या काय करता' याला उत्तरही मिळालं. (स्टेमच्या मुदतवाढीत मात्र ही सोय नाही.)

मुलाखतींबद्दल फार लिहीत नाही, ते दिवस कंटाळवाणे होते. कोडिंगच्या फेऱ्या पार पडायच्या आणि मग 'ही जागा तूर्त भरत नाही' असा मेल. फ्रेशरच्या जागेसाठी पाच-सहा वर्षं अनुभवाची माणसंही रांगेत. सुरुवातीला ज्या ग्रुपमध्ये आम्ही काढलेले लोक नुसते रडगाणं गात होतो, तोच शेवटी उपयोगी पडला. एकेक जण वेगवेगळ्या कंपनीत लागत गेला आणि मागच्यांना रेफरल (आपल्या कंपनीत शिफारस) देत गेला. मोठ्या पदावरच्या ओळखींपेक्षा हे जास्त कामाचं, कारण तुमचं काम त्यांनी जवळून पाहिलेलं असतं.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर तो चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोलायला घरच्यांना सांगा. चुकल्यावर बोलणं फार अवघड होतं.

माझी नवी कंपनी लहान आहे, पगार आधीपेक्षा कमी. रुजू झाल्यावर सगळ्यांत आधी ओपीटीवाल्यांच्या सरकारी पोर्टलवर नव्या कंपनीची नोंद केली. त्यालाही १० दिवसांची मुदत असते, आणि नोंद होईपर्यंत सरकारी दप्तरी तुम्ही बेकारच दिसता.