लिस्बनला चार दिवस, आणि सोमवारी केलेला गाढवपणा

आधी चूक सांगते म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील. ऑक्टोबरात मी, नवरा आणि आई लिस्बनला गेलो, पहिल्याच सकाळी मोठ्या उत्साहात नदीकाठच्या बेलें ह्या भागात पोचलो तर जेरोनिमोस मठाचं दार बंद. सोमवार! सुट्टीचा वार बघायचं काम माझ्याकडे होतं आणि मी उघडायची वेळ तेवढी पाठ केलेली. नवरा एक शब्द बोलला नाही, टोपी नीट करून नदीकडे बघत बसला, ते जास्त लागलं.

पण सोमवार अगदीच फुकट गेला नाही. नदीकाठाने चालत बेलेंच्या बुरुजापर्यंत गेलो. १५१४ ला बांधायला घेतलेला, पांढऱ्या दगडाचा, आणि तो बाहेरूनच बघण्यासारखा आहे. पश्चिमेकडच्या बाजूला जा आणि कोपऱ्यावरच्या छोट्या टेहळणी मनोऱ्याच्या खाली मान वर करून बघा, तिथे दगडात गेंड्याचं डोकं आहे. आता इतकं झिजलंय की आईला ते डुक्कर वाटलं. गंमत म्हणजे तो गेंडा आपल्याकडचा! गुजरातच्या सुलतानाने गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरला, अल्बुकर्कला भेट दिला, त्याने तो जहाजात चढवून पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे धाडला आणि मे १५१५ मध्ये गेंडा जिवंत लिस्बनला उतरला. पुढे राजाने तो पोपला पाठवला तर इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजच बुडालं, बिचारा.

मधेच शोधयात्रांचं ते मोठं स्मारक लागतं, १९६० चं, तिथे जास्त वेळ घालवू नका. पण समोर जमिनीवर दगडाचा केवढा तरी मोठा नकाशा आहे, त्यात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढला. आम्ही वसईचे, म्हणजे अंदाजाने पाय ठेवला.

मठात बुधवारी परत गेलो. ट्रॅम नंबर १५ ने जाता येतं पण खचाखच असते, आईला उभं राहावं लागलं म्हणून दुसऱ्यांदा कैश दु सुद्रे स्टेशनवरून लोकल पकडली, दहाएक मिनिटांत बेलें आणि बसायला जागा. ट्रॅम-लोकलचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर तिघं जाता येत नाही. मठाचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा आणि उघडायच्या आधीच जाऊन उभे राहा, साडेदहानंतरची रांग बघून आम्हाला आमचंच कौतुक वाटलं. आतल्या चौकाच्या भोवतीचे दुमजली सज्जे बघायचे, खांबांवर दगडात चक्क जहाजाचे दोरखंड कोरलेत, गाठींसकट. बाजूच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डावीकडे वास्को द गामाची कबर. तो मेला आपल्या कोचीत, १५२४ मध्ये, तिथेच पुरलेला, नंतर १५३९ ला पोर्तुगालला नेला. आईने हात जोडले नाहीत, नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "ह्याच्यामुळे बटाटा आला म्हणायचं." अगदी ह्याच्यामुळे नाही, पण ह्याच्या मागून आलेल्यांमुळे, हे खरं.

आणि नुसता बटाटाच नाही, तिकडचे शब्दही आपल्याकडे आलेत, त्यामुळे चार दिवस आईला भाषा ओळखीची वाटत होती! जिथे उतरलो होतो तिथल्या बाईने किल्ली देताना 'शाव्ह' म्हटलं, आई म्हणाली चावी. जेवायला बसलो, वेटरने टोपली ठेवली, आई माझ्या कानात "पाव आणलाय गं" आणि तो हसून "पांव, पांव" करत मान डोलावतोय. फक्त एक लक्षात ठेवा, न मागता ठेवलेला पाव, ऑलिव्ह, चीज हे फुकट नसतं, खाल्लंत तर बिलात येतं. नको असेल तर सरळ परत न्यायला सांगा, कोणी वाईट मानत नाही. शाकाहारी असाल तर हिरवं सूप बघून भुलू नका, त्यात सॉसेजचा तुकडा असतो. आणि ते प्रसिद्ध कस्टर्डचे टार्ट अंड्याच्या पिवळ्या बलकाचे असतात, आईने नुसता वरचा पापुद्रा चाखला, माझे किती झाले ते विचारू नका.

शहरातल्या टेकडीवरच्या साओ जोर्जे किल्ल्यावर चढून जाऊ नका, ७३७ नंबरची बस पार वर सोडते. वर मोर फिरतात, शहर छान दिसतं, बस एवढंच. २८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅमची हौस असेल तर सकाळी आठच्या आत, आणि पाकीट पुढच्या खिशात. कॅथेड्रल जाता जाता झालं. रस्ते सगळे गुळगुळीत छोट्या दगडांचे, पाऊस पडला की साबण लावल्यासारखे, रबरी तळव्याचे बूट न्या.

मला सगळ्यात आवडला तो कार्मोचा पडका मठ (हा रविवारी बंद, ह्यावेळी मी बघितलं होतं!). १ नोव्हेंबर १७५५, सणाचा दिवस, सकाळी चर्चं भरलेली, आणि भूकंप, मागून आग आणि समुद्राची लाट. मठाचं छप्पर कोसळलं. पुन्हा बांधायला घेतलं होतं पण १८३४ मध्ये मठच बंद करायचा हुकूम निघाला आणि काम तसंच राहिलं. आता नुसत्या कमानी, वर आभाळ, खाली गवत. लोक पाच मिनिटांत फोटो काढून जातात, तुम्ही अर्धा तास बसा. आई एका दगडावर टेकली, वर बघितलं आणि म्हणाली, "आपल्या किल्ल्यातली चर्चं अशीच आहेत की." मग तिकडे बसून तिने नवऱ्याला चिमाजी आप्पाची १७३९ ची अख्खी लढाई सांगितली, आणि वसईची घंटा भीमाशंकरला कशी गेली तेही. शेजारी बसलेल्या पोर्तुगीज आजी कौतुकाने ऐकत होत्या, काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं हे बरं.