निसर्ग वादळानंतरचा पंचनामा

3 जून 2020. दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या वाडीत, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, आडव्यांपेक्षा उभी झाडं मोजणं सोपं झालं होतं. माड पडताना एकटा पडत नाही, खालच्या पाचसहा पोफळी (सुपारीची झाडं) घेऊनच जातो. पोफळ धरायला सहासात वर्षं लागतात, तेव्हा नुकसान नक्की किती हे कागदावर मांडायचं कसं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला.

त्यात कोरोना. वादळाआधी लोकांना हलवायचं तर गावच्या शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी क्वारंटाइन. शेवटी आम्ही शेजारच्या स्लॅबच्या घरात तोंडाला रुमाल बांधून दाटीवाटीने बसलो. अंतर वगैरे कसलं पाळताय!

सरकारने बागायतीची मदत हेक्टरी 18,000 वरून 50,000 केली, मर्यादा दोन हेक्टर. ऐकायला बरं वाटतं. पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. आमची 14 गुंठे, म्हणजे साधारण 0.14 हेक्टर, हिशेब 7,000 रुपयांचा. पडलेले माड तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त, आणि कटर मशीनवाला मिळेल तेव्हा.

तलाठी आले, मास्क लावून, लांबूनच बघत. माणूस बरा होता, त्यांच्या अंगावर गावंच इतकी होती. त्यांनी विचारलं, "सातबारावर चार नावं आहेत. बाकीच्यांची संमती?" तिथेच घोडं अडलं. एक काका लालबागला, त्यांची इमारत सील. आत्या ठाण्याला. जिल्हा ओलांडायला ई-पास हवा. गावात वीज नाही, टॉवर बंद. रेंजसाठी खिंडीत चढून जायचं आणि फोन चार्ज करायला कोणाचा तरी जनरेटर गाठायचा.

काकांनी कोऱ्या कागदावर सही करून फोटो पाठवला. कार्यालयात म्हणाले, मूळ प्रत आणा. काका फोनवर वैतागले, "अरे, मला जिना उतरू देत नाहीत, मूळ प्रत कुठून आणू?" शेवटी मुंबईहून औषधं घेऊन येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने दोन्ही संमतीपत्रं आणून दिली. पाकीट आईने दिवसभर उन्हात ठेवलं, मगच फोडलं.

पुढे झाडामागे मदतीचाही निर्णय झाला: पोफळीला 50, माडाला 250. तोवर बहुतेकांनी वाडी साफ केलेली, ओंडके पेटवून झालेले. आमची निम्मी वाडी तशीच पडून होती ती मजूर मिळेना म्हणून, आणि नेमकं तेच कामी आलं. म्हणून सांगतो, वाट मोकळी करा, पण बुंधे ठेवा. प्रत्येक रांगेचा फोटो काढा, त्यात विहीर किंवा गडगा (दगडी कुंपण) दिसू दे, म्हणजे वाडी कोणाची यावर वाद होत नाही. पंचनाम्यावर सही करण्याआधी झाडांचा आकडा स्वतः वाचा. बँकेचं पासबुक सातबारावरच्याच नावाचं हवं, "बाळा" आणि "बाळकृष्ण" यात आमच्या शेजाऱ्याचे पैसे अडकले.

आमचे पैसे गणपतीनंतर आले. दिवाळीला काका गावी येऊ शकले, तेव्हा फराळाआधी पोटहिस्से, म्हणजे सातबारावरच्या चौघांचे वाटे, वेगळे करायचा अर्ज भरला. मोजणी व्हायच्या आतच, मे 2021 मध्ये, तौक्ते चक्रीवादळ येऊन गेलं.