कापूसतळणीचं स्टेशन

कापूसतळणीचं स्टेशन कोणी बांधलं, असं गावात विचारलं की उत्तर येतं, "इंग्रजानं." पण शकुंतला गाडीची ही नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची, लाईन सरकारी नव्हतीच. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, तिची ही लाईन. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर चढवायचा, मुंबई बंदरात न्यायचा आणि तिथून विलायतेतल्या गिरण्यांना पाठवायचा, हा त्यामागचा हिशेब.

माझ्या आजीला त्या हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं. शकुंतला म्हणजे दर्यापूरच्या लेकीकडे जायची गाडी. दर्यापूरसाठी उतरायचं बनोसा स्टेशनावर. आमच्या स्टेशनावर तिकीट द्यायला कोणी नसे, गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा. आजी पोतडी घेऊन लगबगीनं येत असली की डब्यातलं कुणीतरी ओरडायचं, "थांबा ना जी, बुढी येऊन राह्यली!" आणि गाडी थांबायची. ताशी वीसेक किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीला दोन मिनिटांचं काय! अंजनगावहून पानमळ्यांतल्या विड्याच्या पानांच्या टोपल्या चढलेल्या असायच्या, त्या ओल्या पानांचा वास डबाभर असे. तो वास मला आजही कुठंही ओळखता येतो.

इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १९२३ पासून ते धावलं, १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं.

रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. गाडी सरकार चालवायचं, रूळ मात्र कंपनीचे. दोघांच्या मधे रुळांचे हाल झाले, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभर वर्षांचे रूळ डागडुजीवाचून किती दिवस टिकणार? गाड्या कमी होत गेल्या आणि शेवटी बंदच पडल्या.

ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे आणि ती पूर्ण झालीच पाहिजे. पण नकाशा काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की दर्यापूर आणि अंजनगाव जोडलं म्हणजे काम झालं असं समजू नका. लेहगाव, कापूसतळणी, पथ्रोट इथं थांबे ठेवा. सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी थांबली तरी कॉलेजच्या पोरींना आणि दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्यांना पुरेल.